शाळेला शहीद हवालदाराचं नाव द्यावं का? ग्रामसभेआधी बोलू या

धानबांधी (धागाकर्ता)
मी गडचिरोली जिल्ह्यातल्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक आहे. 1 मेच्या ग्रामसभेत ठराव येतोय. नऊ वर्षांपूर्वी नक्षल्यांशी झालेल्या चकमकीत गेलेल्या गावच्या हवालदाराचं नाव शाळेला द्यायचं म्हणतात. घरच्यांना विचारलेलं नाही, म्हणून त्यांचं किंवा गावाचं नाव लिहीत नाही.

माझा या ठरावाला विरोध आहे. तो माणूस मोठाच होता, आणि म्हणूनच विरोध आहे. रोवण्याच्या दिवसांत सुट्टी काढून यायचा, दिवसभर चिखलात, आणि पहाटे पाचला गावातल्या पोरांना डांबरी रस्त्यावर पळवायचा. भरतीचे 1600 मीटर. गोळाफेकीचा गोळा नव्हता तेव्हा नदीतला धोंडा तराजूवर तोलून आणला होता. त्याने पळवलेली चार पोरं आज पोलिसात आहेत. पाटी लावली की गावाला वाटतं, झालं आपलं काम. वर्षभराने त्या पाटीकडे कुणी मान वर करून बघत नाही. त्यापेक्षा मैदान सपाट करा, एक अभ्यासिका काढा, आणि त्याच्या हाताखाली पळालेल्यांनी दरवर्षी येऊन मुलांना तो कसा होता ते सांगावं. तुमचं मत लिहा.

निवृत्त_हवालदार
गुरुजी, अजिबात पटलं नाही. 2009 साली मी याच जिल्ह्यात होतो. 1 फेब्रुवारीला मरकेगावला नक्षल्यांच्या हल्ल्यात 15 पोलीस गेले. मे महिन्यात हत्तीगोट्याला 16, त्यात पाच आमच्या महिला पोलीस. 8 ऑक्टोबरला लाहेरीजवळ 17. या तीन घटनांतच 48 माणसं. त्यातली किती नावं आज तुमच्या शाळेतल्या मुलांना ठाऊक आहेत? सांगणारी माणसं म्हातारी होतात, बदलून जातात, मरतात. पाटी राहते.

21 ऑक्टोबरला आमच्याकडे स्मृतिदिन असतो. 1959 मध्ये लडाखला हॉट स्प्रिंग्सजवळ चिनी सैन्याने आपले 10 पोलीस मारले, त्या दिवसाची आठवण. ‘शोक शस्त्र’ हुकूम होतो, बंदुका उलट्या होतात आणि वर्षभरात देशात गेलेल्यांची नावं वाचतात. यादी लांब असते. आपल्या ओळखीचं नाव येतं आणि श्वास घ्यायच्या आत पुढचं येतं. मी त्या मैदानात उभं राहून हे सोसलंय. पुढच्या वर्षीच्या यादीत ते नाव नसतं, नवी नावं असतात. गावाने तरी ते नाव रोज उच्चारावं एवढीच अपेक्षा आहे.

मोहफूल
मैदान आणि भरती या गोष्टीवर मला बोलायचंय. माझा भाऊ पोलिसात आहे, आतल्या भागात पोस्टिंग. आईने गेली सहा वर्षं रात्रीचा फोन आला की आधी देवाला हात जोडले आणि मग उचलला. गेलेल्याच्या आठवणीसाठी आणखी पोरांना त्याच वाटेला लावायचं, हे कसलं स्मारक, गुरुजी? अभ्यासिका काढा, पण त्यात तलाठ्याची, नर्सिंगची, बँकेचीही पुस्तकं ठेवा. आमच्याकडे पोरांना दोनच दारं दिसतात, पोलीस भरती नाही तर धानाची बांधी.

धानबांधी
@मोहफूल, ताई, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मान्य.

रानवाट
मी भामरागडकडचा. आमच्या माडिया लोकांत माणूस गेला की त्याच्या नावाने दगड उभा करतात. त्यावर अक्षर नसतं. पण कुठला दगड कुणाचा हे घरचे सांगतात, आणि तिथे सगळं कूळ जमतं, जेवण होतं. दगड आणि सांगणं, दोन्ही लागतं. नुसती पाटी मुकी, नुसतं सांगणं वाऱ्यावर. तुम्ही दोघं यातलं एकच निवडायला का सांगताय, कळत नाही.

आणि दगडाची ताकद कमी समजू नका. नक्षल्यांनी जंगलात आपल्या लोकांची स्मारकं बांधली, 28 जुलैपासून आठवडाभर शहीद सप्ताह पाळला, गावांना बंद ठेवायला लावलं. पोलिसांनी ती स्मारकं शोधून पाडली. दगडाने काही होत नसतं तर कुणी बांधला नसता आणि कुणी पाडलाही नसता.

कुरखेडा_रोड
मले एक सांगा. 1 मे 2019 ले जांभूळखेड्याले सुरुंग फुटला. दादापूरले रस्त्याच्या कामाच्या गाड्या जाळल्या मनून पोलीस तिकडे निघाले होते. 15 पोलीस गेले. अन् ज्या खासगी गाडीत ते बसले होते तिचा डायवर बी गेला. तो पोलीस नव्हता. त्याचं नाव कोन्या शाळेले देता? नक्षल्यायनं खबऱ्या मनून जे गावकरी रात्री घरातून ओढून नेले, त्यायचं का? वर्दी होती मनून एकाची पाटी अन् बाकीच्यायची फक्त घरच्यायले आठवण. ग्रामसभा त्याच तारखेले हाय मनून हे बोलून रायलो.

निवृत्त_हवालदार
@कुरखेडा_रोड, भाऊ, त्या ड्रायव्हरला आम्ही आमच्यातलाच मानतो, तुमचा राग रास्त आहे. पण फरक आहे. शिपाई सकाळी निघतो तेव्हा पुढे काय होऊ शकतं हे त्याला माहीत असतं, तरी तो निघतो. त्या जाणून निघण्याला मान आहे. ड्रायव्हरला न्याय हवा, त्याच्या घराला आधार हवा. म्हणून हवालदाराची पाटी काढायची का?

कुरखेडा_रोड
डायवरले बी माहीत होतं, साहेब. या जिल्ह्यात पोलिसायले गाडीत घेते त्याले सगळं माहीत असते. घरी पोटं होती मनून निघाला.

निवृत्त_हवालदार
हे खरं आहे. याला माझ्याकडे उत्तर नाही.

वैरागडची_लेक
एक व्यवहाराची गोष्ट. ऑक्टोबर 2025 मध्ये नक्षल्यांचा मोठा नेता भूपती 60 साथीदारांसह गडचिरोलीत शरण आला. आता दिवस बदलताहेत, आपल्या वर्गात उद्या शरण आलेल्यांची मुलंही बसतील. ‘नक्षल्यांनी मारलेल्या’ माणसाच्या नावाच्या शाळेत ती कशी बसतील, याचा विचार ठराव लिहिताना करा. नाव द्या, हरकत नाही. पण पाटीवर तो कसा मेला यापेक्षा त्याने काय केलं ते लिहा. धोंडा तोलून आणल्याचं लिहा. ते वाचून कुठल्याही मुलाला मान खाली घालावी लागणार नाही.

निवृत्त_हवालदार
नाही. कसा मेला हे खोडायचं नाही. त्याच्या मारेकऱ्याच्या मुलाला शाळेत जागा द्या, खिचडी द्या, दप्तर द्या, मी स्वतः वह्या आणून देईन. पण गोळी लागली होती, ताप येऊन गेला नव्हता. ते पाटीवर राहीलच.

धानबांधी
काल संध्याकाळी वहिनींना, म्हणजे हवालदाराच्या पत्नीला, भेटून आलो. खरं म्हणजे धागा काढायच्या आधीच जायला हवं होतं, ही माझी चूक. त्यांनी पेटी उघडून दाखवली. नऊ शाली, घडीसुद्धा मोडलेली नाही. दरवर्षी कार्यक्रमाला बोलावतात, शाल-श्रीफळ देतात, फोटो काढतात. नऊ वर्षांत एकदाही कुणी माइक हातात दिला नाही, असं म्हणाल्या.

पाटीबद्दल विचारलं तर बराच वेळ तांदूळ निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, “मला नका विचारू. पोरगी तुमच्याच शाळेत सहावीत आहे. वहीवर नाव, वर्ग, शाळा लिहावं लागतं. बापाचं नाव दरवेळी तिलाच लिहायचंय.”

हे आपल्यापैकी कुणालाच सुचलं नव्हतं. ती तीन वर्षांची होती तेव्हा. तिला काय आठवतं, मला ठाऊक नाही. उद्या परिपाठ झाल्यावर तिच्याशी एकटीशी बोलतो. ती नको म्हणाली तर ग्रामसभेत ते मीच उभा राहून सांगेन. आणि हो म्हणाली तर माझा विरोध मागे.