आतली व्हीएम चालू असताना बाहेरच्या व्हीएमचे लाइव्ह मायग्रेशन

कर्वेनगरकर: आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत विद्यार्थी आपापल्या व्हीएममध्ये (सर्व्हरवरच्या आभासी संगणकात) पुन्हा केव्हीएम (व्हीएम चालवणारी लिनक्सची सोय) चालवून, म्हणजे व्हीएमच्या आत व्हीएम उभारून, सराव करतात. गुरुवारी देखभालीसाठी वीज बंद राहणार असली, की बुधवारी संध्याकाळी या व्हीएम चालू स्थितीतच दुसऱ्या इमारतीतल्या सर्व्हरवर हलवाव्या लागतात. साध्या व्हीएम बिनतक्रार जातात. मात्र जिच्या आत दुसरी व्हीएम चालू असते, ती पलीकडे सुरळीत दिसते आणि आतली गोठून बसते. दोन्ही सर्व्हर इंटेलचे, पण दुसरा एका पिढीने जुना आहे. दोन्हींवर उबुंटू 18.04 असून सीपीयू होस्ट-पासथ्रू (सर्व्हरचा प्रोसेसर व्हीएमला जसाच्या तसा दाखवणे) ठेवला आहे. नेटवर्क तपासून झाले आहे.

खराडीकर: नेटवर्कचा येथे संबंध नाही. बाहेरच्या व्हीएमची मेमरी पूर्ण पोहोचली, तरी त्या क्षणी प्रोसेसर आतल्या व्हीएममध्ये होता की बाहेरच्या, कोणती व्हीएमसीएस (व्हीएमच्या स्थितीची इंटेल प्रोसेसरसाठीची नोंद) लागू होती, हा तपशील सर्वांत खालच्या केव्हीएमकडे असतो आणि तो स्वतंत्रपणे काढून पलीकडे भरावा लागतो. ही सोय लिनक्स 4.19 मध्ये आली, 18.04 चा मूळ कर्नल (लिनक्सचा गाभा) 4.15 आणि क्यूईएमयू (केव्हीएमच्या जोडीने व्हीएम चालवणारा प्रोग्राम) 2.11 आहे. इंटेलसाठी कर्नलच्या दस्तऐवजांत 5.3 आणि क्यूईएमयू 4.2 ही जोडी दिली आहे. एएमडीला कर्नल 5.8 पर्यंत थांबावे लागले.

औंधकर: आवृत्त्या वाढवल्या तरी होस्ट-पासथ्रू तुम्हाला पुन्हा अडवेल. आतला केव्हीएम व्हीएमएक्सच्या (व्हीएम चालवण्यासाठी इंटेल प्रोसेसरमधली सोय) क्षमता सुरुवातीलाच वाचून ठेवतो, आणि जुन्या सर्व्हरवर त्यांपैकी एखादी नसली तर तो तिच्याच भरवशावर चालत राहतो. दोघांना पेलेल असे नावाचे सीपीयू मॉडेल निवडावे. व्हीएमएक्सचे गुण एकेक करून बंद करण्याची सोयही क्यूईएमयू 4.2 पासून आहे.

दुसरे म्हणजे, स्थलांतरानंतर आतली व्हीएम काही काळ संथ चालते, कारण खालच्या केव्हीएमने तिच्यासाठी तयार केलेली पेज टेबले (मेमरीतली पाने कुठे आहेत याचे तक्ते) सोबत जात नाहीत आणि प्रत्येक पानाला फॉल्ट (पान तक्त्यात न सापडल्याने येणारा खंड) घेत ती नव्याने बांधावी लागतात. गोठणे आणि हा संथपणा यांत गल्लत करून घाईने रीसेट मारू नये. आत डेटाबेस चालू असेल तर पाने इतक्या वेगाने बदलतात, की 300 मिलिसेकंदांच्या मूळ डाउनटाइम मर्यादेत (शेवटी व्हीएम थांबवून ठेवण्याची मुभा) स्थलांतर संपतच नाही. तेथे ऑटो-कन्व्हर्ज (स्थलांतर संपावे म्हणून व्हीएमचा वेग आपोआप कमी करणारी सोय) लावले तर बाहेरच्या व्हीएमचा वेग कमी होतो आणि तिच्यासोबत आतलीही रखडते.

कर्वेनगरकर: आभारी आहे. ऐन सत्रात सर्व्हर अद्ययावत करता येणार नाहीत. तोवर बाहेरची व्हीएम जागीच ठेवून, पलीकडे तशीच दुसरी उभी करून, केवळ आतली तिच्यात पाठवली तर?

खराडीकर: तसे चालते, मग ते साधेच स्थलांतर होते. मात्र डिस्क सामायिक हवी, नाहीतर तीही सोबत पाठवावी लागेल. या बुधवारपुरते विचाराल, तर आतल्या व्हीएम मॅनेज्डसेव्हने (व्हीएमची चालू स्थिती जतन करून ती थांबवणारी आज्ञा) डिस्कवर उतरवून, बाहेरच्या व्हीएममधले केव्हीएम-इंटेल मॉड्यूलही काढून टाकावे आणि मगच ती हलवावी.