होता त्या उजेडात काढलेले फोटो – तुमचे अनुभव

परसदार
काल माळा आवरताना बिस्किटांच्या डब्यात निगेटिव्हची पाकिटं सापडली. १९९८चा मे, गावचं स्वयंपाकघर. छपरात एकच काचेचं कौल. सकाळी साडेनऊला त्यातून तिरीप खाली यायची आणि चुलीच्या धुरामुळे ती अख्खी दिसायची, हात लावावा अशी. आजी घावन घालत होती. कॅमेऱ्यात चारशे आयएसओचा (कमी उजेडातही चालणारा) कृष्णधवल रोल, दोनच फ्रेम उरलेल्या. फ्लॅश पिशवीत होता. पण तो मारला असता तर मागची भिंत लख्ख झाली असती आणि तिरीप गेलीच असती. उजेड मोजायचा मीटर खोलीकडे धरला तर १/१५ सेकंद सांगे, आजीच्या गालाजवळ नेला तर १/६०. गालाचं ऐकलं. चौकटीला खांदा टेकवला, श्वास रोखला. घर काळोखात बुडालं. उरली आजी, तवा आणि धूर. त्याच पावसाळ्यात ती गेली.
तुमच्याकडेही फ्लॅशशिवाय मिळालेला एखादा फोटो असेलच. लिहा ना.

मोगरा
डोळे भरले वाचून. आमचा गच्चीवरचा. पांढऱ्या धोतरावर कुरडया, आई त्या उलथतेय, भर दुपारचं ऊन. एरवी त्या उन्हात डोळ्यांच्या खोबणी काळ्या येतात ना, पण धोतरावरून उजेड वर उसळला आणि चेहरा काय सुंदर आला! लग्नाचे फोटो काढणारे एक दादा म्हणाले, आम्ही थर्माकोल धरून हेच करतो. कुरडया त्या वर्षी माकडांनी नेल्या निम्म्या.

घाटवाट
कार्ल्याला दुपार कलल्यावर जा. लेण्याचं तोंड पश्चिमेला, त्यामुळे चैत्यगवाक्षातून येणारा उजेड आतवर पोचतो. खांबांच्या माथ्यावरचे हत्ती मला सकाळी कधी नीट दिसलेच नव्हते. मोबाईल गुडघ्यावर टेकवून काढले. अजिंठ्यात तर फ्लॅशला बंदीच आहे, चित्रांसाठी ते फार बरं.

निळावंती
परसदार, आधी त्या निगेटिव्ह पत्र्याच्या डब्यातून बाहेर काढा!! दमट हवेत बुरशी धरते. आमचं बाबांच्या मुंजीचं पाकीट तसंच गेलं. एकेक पट्टी वेगळी ठेवा, सोबत सिलिका जेलच्या पुड्या, आणि स्कॅन करून घ्या. बाकी नंतर लिहिते, कुकर झालाय.

परसदार
आजच करतो. मुंजीचं वाचून वाईट वाटलं हो.

रंकाळा
माझ्याकडे फोटो नाही, तरी लिहिते. अंबाबाईचा किरणोत्सव. ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी. मावळतीची किरणं पहिल्या दिवशी पायांवर, दुसऱ्या दिवशी छातीवर, तिसऱ्या दिवशी मुखावर. ढग किंवा धुरकं आलं की राहून जातं. मी कॅमेरा नेलाच नव्हता. पण तेव्हापासून घरात कुठल्या महिन्यात ऊन कुठल्या भिंतीवर येतं ते बघायची सवय लागली. लेकीचे सगळे चांगले फोटो जानेवारीतल्या, देवघराशेजारच्या खिडकीतले आहेत.

मोगरा
किती छान लिहिलंस रंकाळा. लेक केवढी आता?

रंकाळा
दहावीला! फोटो काढू देत नाही आता :)

चहात आलं
भंडारदरा, काजवे, पावसाच्या तोंडावर. ट्रायपॉड, ३० सेकंदांचे बरेच फोटो आणि मग ते एकावर एक चढवून एकच फोटो. शेजारच्या घोळक्यातून कुणी टॉर्च मारला की ती फ्रेम वाया. फ्रेमचं सोडा, काजवे त्या लुकलुकण्यावरच जोडीदार शोधतात. जाणार असाल तर कृपा करून टॉर्च-फ्लॅश बंद ठेवा.

घाटवाट
+१. गाडीचे दिवेसुद्धा.

मोगरा
परसदार, काचेचं कौल आता मिळतं का कुठे? सासरच्या पडवीत फार अंधार आहे. प्लास्टिकचा पत्रा नकोय.

निळावंती
आमचं छप्पर गेल्या वर्षी उतरवलं, दोन कौलं परसात केळीखाली पडून आहेत. व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर, भाऊ शनिवारी पुण्याला येतोय.