भरलेल्या ट्रेलरचा टायर फुटला, तुमचे अनुभव सांगा

काल हातखंब्याच्या अलीकडे रस्त्यात टायरची लांबलचक साल पडलेली दिसली आणि एकदम एप्रिल २०२१ आठवला, हात गार पडले.

गुहागरला पाहुण्यांसाठी म्हणून पुण्याहून सेकंडहँड राहायचा ट्रेलर घेतला होता, दोन चाकी, आत दोन बेड, ओटा, पाण्याची टाकी. बोलेरोमागे लावला, कुंभार्ली उतरलो आणि पोफळीच्या जरा पुढे धाडकन आवाज, मला वाटलं सिलिंडरच गेला. मागून ट्रेलर डावी-उजवीकडे ओढायला लागला. शेजारी बाबा होते, ते एवढंच म्हणाले, "ब्रेक मारू नको, नुसता पाय काढ, स्टेअरिंग सरळ धर." त्यामुळे आज लिहितोय.

टायरची नक्षी नवीकोरी होती हो! चिपळूणच्या पंक्चरवाल्या चाचांनी खडूने टायरच्या कडेवर गोल केला, आत आकडा ३११३. म्हणजे २०१३ सालचा ३१वा आठवडा. ट्रेलर वर्षानुवर्षं उन्हात उभा, रबर आतून वाळलेलं, बोटाने दाबलं की बारीक भेगा उघडायच्या. दुसरा आकडा ९१, म्हणजे एका टायरला जास्तीत जास्त ६१५ किलो, दोन्ही मिळून १२३०. नंतर वजनकाट्यावर ट्रेलरची नुसती चाकं चढवली तर १४१० किलो भरले. मी २०० लिटरची टाकी पुण्यातच भरून घेतलेली, पाण्याचेच २०० किलो! तेव्हापासून टाकी मुक्कामाला पोचल्यावरच भरतो.

पावसचा आंबेवाला: बाबांना नमस्कार सांगा. आम्ही सीझनला पेट्या भरून रात्रीच निघतो, रस्ता थंड असतो. एक सांगतो, कशेडीला चहाला थांबलो तेव्हा नवीन ड्रायव्हरने गरम टायरची हवा मोजली, जास्त दिसली म्हणून काढून टाकली. सकाळी टायर थंड झाल्यावर हवा कमीच की, आणि कमी हवेचा टायर कडेला दुमडत दुमडत पळतो, त्यानेच तापतो आणि फुटतो. वाशीला पोचायच्या आत गेला. पेट्या दुसऱ्या गाडीत भरताना तोंडचं पाणी पळालं. गरम टायरची हवा काढायची नाही म्हणजे नाही.

मालवणची बायो: आमच्याकडे चिऱ्याचो ट्रक आसा. घोव रोज सकाळी निघायच्या आधी टॉमीन (चाक खोलूची लोखंडी दांडी) प्रत्येक टायर ठोकता. भरलेलो टण टण वाजता, बसलेलो भद् करता. जोडचाकातलो आतलो टायर बसलो तरी भायरसून कळणा नाय, सगळो भार एकट्या भायरल्यावर येता. आणि दोघांच्या मधे दगड अडाकलो तर तो पण काढूक होयो.

दापोलीकर: ताई अगदी खरं. ट्रेलर भाड्याने देता का हो, मे महिन्यात आईला न्यायचंय, तिला हॉटेलचं जेवण चालत नाही

हर्णैचा दर्यावर्दी: माझं टायर नव्हे, बेअरिंग. बोटीचा ट्रेलर लांबून आणून तसाच गरम हब (चाकाचा मधला भाग, बेअरिंग त्यातच असतं) खाऱ्या पाण्यात उतरवायचो. गरम लोखंड गार झालं की पाणी आत ओढतं, ग्रीस गेलं, गंज चढला. एकदा दाभोळला फेरीबोटीच्या रांगेत उतरून हबजवळ हात नेला तर चटका बसला, टायरही एकाच बाजूचा तापलेला. आता थांबलो की दोन्ही बाजूंना हात लावून बघतो, एक बाजू जास्त गरम म्हणजे काहीतरी बिघडलंय. स्टेपनीची हवा पण बघत जा रे पोरांनो, ती कोणी बघत नाही.

पावसचा आंबेवाला: स्टेपनीवरनं आठवलं, कारचा जॅक भरलेल्या ट्रेलरला लावू नका, घसरतो. आणि चाक बदललं की ८०-१०० किलोमीटरने नट परत आवळायचे.

धागाकर्ता: नटांचं लिहून घेतलं दादा. बायो, टॉमीचं आजपासून सुरू. दापोलीकर, देतो ना! मे मधले शनिवार-रविवार गेलेत, मधल्या वारी या, आत ओटा आहे, आईंना करून खाता येईल. टायर २०२४ चे आहेत, आल्यावर आकडा स्वतः वाचून घ्या.

दापोलीकर: मंगळवारी निघतो मग. दाभोळवरून फेरीने आलो तर सकाळची पहिली बोट किती वाजता असते?