अनुभव धागा : 'मॅलेफिसेंट' बघताना तुम्ही कोणाच्या बाजूने होतात?

परवा भाचीबरोबर 'मॅलेफिसेंट' पुन्हा बघितला. 2014चा, अँजेलिना जोलीचा. गोष्ट 'स्लीपिंग ब्यूटी'चीच, म्हणजे शापाने झोपी गेलेल्या राजकन्येची, पण शाप देणाऱ्या परीच्या, मॅलेफिसेंटच्या, बाजूने सांगितलेली. डिस्नेच्याच 1959च्या कार्टूनपटात ती नरकातल्या शक्तींना हाक मारून ड्रॅगन होते, राजपुत्र तलवारीने तिला संपवतो, विषय कट. इथे तीच नायिका आणि राजकन्येचा बाप, राजा स्टीफन, खलनायक. भाची खूश. आई मात्र कुकर लावायला उठली आणि जाता जाता म्हणाली, "तिच्यावर अन्याय झाला हे खरं, पण तान्ह्या पोरीला शाप कशाला?"

त्यावरून हा धागा. कुठे पटलं, कुठे गंडवल्यासारखं वाटलं, कोणाबरोबर बघितलात, सगळं लिहा. नुसतं 'छान होता' नको.

चिंचगूळ :
लेक पाच वर्षांची असताना बघितला. ती शिंगांना घाबरेल अशी भीती होती. खुद्द सेटवरही बाकीची मुलं जोलीला त्या अवतारात बघून घाबरायची, म्हणून छोट्या राजकन्येच्या, ऑरोराच्या, कामासाठी तिचीच मुलगी घेतली, असं वाचलं होतं. आमची बया घाबरली नाही, पण दर दहा मिनिटांनी विचारत राहिली, "आई, ही आत्ता चांगली आहे का वाईट?" मी काय सांगणार? शेवटी तिनेच निकाल लावला. "वाईटच आहे, पण आता सुट्टीवर आहे."

पाणकणीस :
आम्ही हॉस्टेलच्या कॉमन रूममध्ये बघितला होता. तोवर चिप्स, कमेंट्स, सगळं चालू. मग तो प्रसंग आला. स्टीफन तिला गुंगीचं पाजतो, सुरा उगारतो, मारायचा धीर होत नाही, मग पंख कापून नेतो. सकाळी ती जागी होते, हात पाठीकडे जातो आणि ती किंचाळते. आमच्यातली एक जण उठून बाहेर गेली. कोणी काही विचारलं नाही, चिप्सचं पाकीट तसंच राहिलं. हा प्रसंग आपण बलात्काराचं रूपक म्हणूनच केला, असं जोलीने नंतर मुलाखतीत उघड सांगितलं. आम्हाला ते कोणी सांगायची गरज पडली नव्हती.

काकूंच्या प्रश्नाबद्दल : पोरीचा दोष शून्य. बापाला जिथे सगळ्यात जास्त लागेल तिथे तिने मारलं. हे क्रूरच आहे आणि सिनेमा ते झाकत नाही. पुढे झोपलेल्या ऑरोराजवळ बसून ती शाप मागे घ्यायला बघते आणि तिचाच शाप तिला जुमानत नाही. मला तरी ती त्या जागी पहिल्यांदा खरी वाटली.

डोंगरची मैना :
मी विरोधी पक्षात. माझ्या लहानपणी 1959च्या सिनेमाची व्हीसीडी घासून घासून अडकायला लागली होती, आणि मला त्यात ऑरोरा कधीच महत्त्वाची वाटली नाही. ती गाते, बोट टोचून घेते, झोपते. खऱ्या नायिका त्या तीन म्हाताऱ्या पऱ्या, फ्लोरा, फॉना आणि मेरीवेदर. मरणाच्या शापाची झोप करते मेरीवेदर. राजपुत्राला तळघरातून सोडवतात या, ढाल-तलवार देतात या. मॅलेफिसेंटच्या डोमकावळ्याला दगड करते तीही मेरीवेदरच! आणि मधूनच ड्रेस गुलाबी की निळा यावर दोघी अशा भांडतात की चिमणीतून जादूचे रंग उडून घराचा पत्ता फुटतो. माझ्या दोन मावश्या दिवाळीच्या रांगोळीवरून अगदी अश्शाच भांडायच्या. म्हणून तर त्या बायका मला घरच्या वाटायच्या.

नव्या सिनेमात त्यांची नावंसुद्धा बदलली आणि तिघींचा पार विदूषक केला. बाळाला काय खायला घालायचं ते कळत नाही, दिवसभर एकमेकींच्या झिंज्या उपटतात. तिसरीचं वरदान तर अर्ध्यावरच राहतं. आणि शापाला उतारा कोण देतं? 'खऱ्या प्रेमाचं चुंबन' ही अट मॅलेफिसेंट स्वतःच घालते, स्टीफनला टोमणा म्हणून. म्हणजे मेरीवेदरचं एकमेव मोठं काम काढून खलनायिकेच्या खात्यात जमा. एकीला मोठं करायला तिघींना बावळट का करावं लागतं, हे मला अजून कोणी समजावून सांगितलेलं नाही.

हळदुली :
मैना, हे कधी लक्षातच आलं नव्हतं. जुना परत बघते.

झुणकाभाकर :
मॅलेफिसेंटचा कावळा, डियावल. बास. कावळा, माणूस, घोडा, ड्रॅगन, बाई सांगेल ते होतो आणि तरी तोंडावर सुनावतो. बाकी चालू द्या.

खडूवाली बाई :
प्राथमिक शाळेत शिकवते. गॅदरिंगला आम्ही हीच गोष्ट इंग्रजी नाटुकलं म्हणून बसवली. पूर्वी 'प्रिन्सेस कोण होणार' म्हटलं की रडारड व्हायची. यंदा राजकन्येला कोणी तयार होईना. झोपायचंच काम, बाई! शिंगांसाठी मात्र झुंबड. काळ्या कार्डशीटचे सुळके हेअरबँडवर चिकटवले, तर प्रयोगाआधी एक शिंग बॅकस्टेजला तुटलं आणि चौथीतली ती पोरगी एकाच शिंगाने बाणेदारपणे शाप देऊन आली. राजाचं काम कोणी घेईना, ते मग पीटीच्या सरांनी केलं.

एका पालकांची तक्रार आली, शाप देणारीला टाळ्या कशाला म्हणून. मी म्हटलं, तुमच्या घरी बारशाला सख्ख्या आत्याला बोलवायचं विसरून बघा. ग्रिम बंधूंच्या कथेत राजाकडे सोन्याची ताटं बारा आणि शहाण्या बायका तेरा, म्हणून तेरावीला आमंत्रण नाही. आपल्याकडे याहून कमी मानपानावर भाऊबंदकी पिढ्यान्‌पिढ्या चालते.

नर्मदेकाठी :
सगळेजण खलनायिका म्हणजे शापवाली धरून चाललेत म्हणून लिहिते. शार्ल पेरोच्या 1697च्या फ्रेंच कथेत राजकन्या जागी झाल्यावर गोष्ट संपतच नाही. लग्न होतं, दोन मुलं होतात आणि खरी खलनायिका नंतर येते, सासू! ती राक्षसकुळातली. नवरा लढाईवर गेला की नातवंडं शिजवून मागते, तीही ठरावीक मस्टर्ड सॉससकट. स्वयंपाकी बिचारा कोकरू कापून वेळ मारून नेतो. आजीकडे मूळ गोष्टीचं जाड पुस्तक होतं, आम्ही भावंडं तेवढंच पान पुन्हा पुन्हा वाचून घ्यायचो. सिनेमात हे कसं नाही म्हणून लहानपणी मी चिडले होते.

मग 2019चा दुसरा भाग बघितला. मॅलेफिसेंट आता चांगली झालेली, मग वाईट कोणाला करायचं? राजपुत्र फिलिपची आई, राणी इनग्रिथ. ऑरोराची होणारी सासू. जेवायला बोलावते आणि टेबलावर लोखंडी काटे-चमचे मांडते, जे मॅलेफिसेंटला भाजतात. थिएटरमध्ये शेजारी माझ्या साबा (सासूबाई) बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "बघ, शेवटी आमच्यावरच आणलं."