प्रति: १९८७च्या कार्डांना भाव का नाही?
काकांकडून आलेल्या १९८७च्या टॉप्स या अमेरिकी कंपनीच्या बेसबॉल खेळाडूंच्या कार्डांना कुणी विचारत नाही, असं तुम्ही लिहिलंय. त्या वर्षांत कार्डं बेसुमार छापली गेली आणि लोकांनी जपूनही ठेवली. १९५२च्या कार्डांचं उलट झालं. त्या वर्षीची शेवटची मालिका खपलीच नाही. उरलेली खोकी टॉप्सच्या साय बर्गर यांनी १९६० मध्ये अटलांटिक समुद्रात बुडवली. त्याच मालिकेतलं बेसबॉलपटू मिकी मँटलचं ३११ क्रमांकाचं एक कार्ड २०२२ मध्ये १.२६ कोटी डॉलरला गेलं!

तरी तुमची विकू नका हो. त्यांची लाकडी नक्षीची चौकट तशाच चौकटीच्या १९६२च्या टॉप्स कार्डाशेजारी धरून बघा. १९६२चा तपकिरी रंग कोपऱ्यांवर जरा उडाला की खालचा पांढरा पुठ्ठा लगेच दिसतो. चारही कोपरे शाबूत असलेलं एखादं सापडलं की मी अजूनही हरखून जाते.