कोकणातल्या ओढ्यातील स्थानिक मासे घरच्या टाकीत पाळावेत का?

काठावरचा (प्रश्न)

नमस्कार. आमचे मूळ गाव लांजा तालुक्यात आहे आणि मी पुण्यात राहतो. घरी तीन फूट लांबीची, साधारण दीडशे लिटरची टाकी आहे. त्यात गप्पी आणि मॉली यांच्याऐवजी आपल्याच पाण्यातले मासे असावेत अशी फार दिवसांची इच्छा आहे. गावच्या ओढ्यात दगडांना चिकटून राहणारे मळ्या, डोहात थव्याने फिरणारी दांडवण, दगडांखालचे डोकऱ्या आणि काठच्या गवतालगत पृष्ठभागावर तरंगणारे, कपाळावर चकाकता ठिपका असलेले छोटे मासे दिसतात. यांतले कोणते आणावेत आणि कधी? वैशाखात वरचे डोह आटतात व त्यांतले मासे तसेही मरतात, तेव्हा तेच उचलले तर ओढ्याचे काही नुकसान होणार नाही, असा माझा समज आहे. तो बरोबर आहे का? कायद्याची काही अडचण येते का?

डोहकरी

आपला समज अर्धा बरोबर आहे, आणि सगळा प्रश्न त्या उरलेल्या अर्ध्यात आहे. दरवर्षी हमखास कोरडा पडणाऱ्या डोहातले मासे नेल्याने ओढ्यातील माशांच्या पुढच्या पिढीवर फारसा परिणाम होत नाही, कारण ते मासे शेवटी बगळे आणि खंड्या यांच्याच वाट्याला जातात. मात्र जो डोह कधीच आटत नाही, त्यात उन्हाळ्याअखेरीस उरलेले मासे म्हणजे त्या ओढ्याचे बियाणे असते. पहिल्या पावसात हेच मासे प्रवाहाविरुद्ध वर चढतात आणि पाणी भरलेल्या खाचरांत व वरच्या ओहोळांत अंडी घालतात. चढणीच्या त्या दिवसांत मासे धरणे अगदी सोपे असले, तरी टाकीसाठी तेव्हा एकही मासा घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे. कोणता डोह आटतो आणि कोणता टिकतो, हे गावातल्या जुन्या माणसांना विचारल्याशिवाय जाळी पाण्यात घालू नका.

आटत्या डोहातल्या माशांची आणखी एक अडचण अशी की, तापलेल्या आणि प्राणवायू कमी झालेल्या पाण्यात ते आधीच थकलेले असतात आणि पुण्यापर्यंतच्या प्रवासात त्यांतले बरेच दगावतात. म्हणून भातकापणीनंतरचा, नोव्हेंबर-डिसेंबरचा काळ मला सर्वांत योग्य वाटतो. तेव्हा पाणी नितळ व संथ झालेले असते आणि त्या पावसाळ्यात जन्मलेली पिल्ले हाती लागतात. मोठ्या माशांपेक्षा ती कोरड्या खाद्याला लवकर सरावतात. पाग (फेकून टाकायचे जाळे) टाकल्यास खवले निघतात, त्यामुळे बारीक व मऊ जाळीची हातजाळी वापरावी.

जातींविषयी सांगायचे तर सुरुवात दांडवणीच्या सहा-आठ पिल्लांपासून करावी. ठिपक्याचे मासे म्हणजे मासे पाळणारे ज्यांना पँचॅक्स म्हणतात ते असावेत. त्यांतले तीन-चार घ्यावेत, वर तरंगत्या वनस्पती ठेवाव्यात आणि टाकी घट्ट झाकावी, कारण हे मासे उडी मारतात. मळ्या पहिल्या वर्षी घेऊच नये. तो वाहत्या पाण्यात दगडांवरच्या शेवाळावर जगतो आणि नव्या, स्वच्छ टाकीत खंगत जातो. डोकऱ्या अतिशय देखणा मासा आहे. त्याचा नर अंडी तोंडात सांभाळतो, हे घरी पाहायला मिळणे म्हणजे भाग्यच. परंतु तोंडात मावेल तो प्रत्येक मासा तो खातो, म्हणून त्याला स्वतंत्र टाकी हवी.

पाणवठा

कायद्याविषयी लिहितो. अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतून वन विभागाच्या परवानगीशिवाय मासा उचलणे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने निषिद्ध आहे, मग तो मासा कितीही सामान्य असो. आपल्या बाजूला चांदोली, कोयना आणि राधानगरी ही संरक्षित क्षेत्रे आहेत, तेव्हा घाटात थांबून जाळी टाकण्याचा विचारही करू नये. हद्दीबाहेरच्या तलावांचा मासेमारीचा ठेका बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो, तिला विचारावे. गावचा ओढा असेल तर ग्रामपंचायतीच्या कानावर घालावे. महाडजवळच्या वाळण कोंडीसारखे देवाचे डोह तर लोकांनी श्रद्धेने जपले आहेत. तेथील मासे धरले जात नाहीत, आणि तसेच राहावे.

जो मासा ओळखता येत नाही तो पाण्यातच राहू द्यावा, ही माझी कळकळीची विनंती आहे. पेथिया सेतनाईसारखे लहान मासे गोवा व त्याच्या आसपासच्या घाटभागापुरतेच आढळतात. केरळ आणि दक्षिण कर्नाटकातला डेनिसन बार्ब 1990 च्या दशकात परदेशी टाक्यांमध्ये लोकप्रिय झाला, निर्यातीसाठी नद्यांतून बेसुमार धरला गेला आणि पुढे धोक्यातील जातींच्या जागतिक लाल यादीत संकटग्रस्त म्हणून नोंदला गेला.

जुनी टाकी

मासे धरल्यावर एक दिवस गावातच ओढ्याच्या पाण्यात, उपाशी ठेवावेत, म्हणजे प्रवासात विष्ठेने पाणी बिघडत नाही. पिशवीत एक तृतीयांश पाणी व उरलेली हवा ठेवावी आणि पिशव्या थर्माकोलच्या बंद डब्यात न्याव्यात. पुण्यातली टाकी मात्र किमान महिनाभर आधी चालू केलेली असावी, कारण अमोनियाचे नायट्राइट आणि नंतर नायट्रेट करणारे जिवाणू वसायला तेवढा वेळ लागतो. नळाच्या पाण्यातील क्लोरीन घालवूनच ते वापरावे. नवे मासे तीन-चार आठवडे वेगळ्या भांड्यात ठेवून अंगावर लाल व्रण उठतात का, ते पाहावे. 1988 मध्ये भारतात पोहोचलेल्या व्रणरोगाचा त्रास डोकऱ्याच्या कुळाला आणि खवल्यांच्या छोट्या माशांनाही होतो.

काठावरचा

सर्वांचे मनापासून आभार. यंदा दांडवण आणि पँचॅक्स एवढेच आणीन. पुढे टाकीत पिल्ले झाली आणि जागा अपुरी पडली, तर ती त्याच ओढ्यात परत सोडली तर चालेल ना?

डोहकरी

नाही. मासे ओढ्याचेच असले तरी आपल्या टाकीत बाजारातल्या वनस्पती, खाद्य आणि कदाचित इतर मासेही येऊन गेलेले असतील, आणि त्यांच्यासोबत आलेले जंतू पिल्लांबरोबर ओढ्यात उतरतील. जास्तीची पिल्ले पुण्यातल्याच दुसऱ्या मत्स्यप्रेमींना द्यावीत. तेवढ्याच कमी लोकांना ओढ्यावर जाळी घेऊन जावे लागेल.