वही कोरी म्हणजे शिकवलंच नाही?

कळव्याच्या बाई

काल इथे एका पालकांनी लिहिलं: "नववीतल्या मुलाच्या विज्ञानाच्या मॅडम नोट्स देत नाहीत. तास सुरू झाला की मागच्या धड्यावर प्रश्न विचारत बसतात. वही अर्धी कोरी. रोज परीक्षाच घ्यायची असेल तर क्लास लावण्यावाचून आम्हाला पर्याय काय?" खाली होकारांची रांग लागली आहे. मी त्या शाळेत नाही, त्या मॅडमना ओळखतही नाही. पण मी अशीच शिकवते, म्हणून राहवलं नाही.

फळ्यावरून उतरवून देणं शिक्षकाला सगळ्यात सोपं असतं. वर्ग शांत, वही भरलेली, घरचे खूश. त्या पस्तीस मिनिटांत मुलाचा हात चालतो, डोकं चालतंच असं नाही.

२००६ साली अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे. म्हणून नोट्स पाठ करून दुसऱ्या दिवशीची चाचणी छान जाते आणि सहामाहीला पाटी कोरी असते. मागच्या धड्यावरचे प्रश्न म्हणजे परीक्षा नव्हे हो, तेच शिकवणं आहे.

दुसरं, थांबण्याचं. विज्ञानशिक्षणाच्या अभ्यासक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात दाखवून दिलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबलं की उत्तरं मोठी होतात, गप्प बसणारी मुलंही बोलतात. माझ्या वर्गातली बरीच मुलं खाडीकाठची. परिसंस्थेच्या धड्याला विचारलं, तिवरांची मुळं चिखलातून वर का येतात? नेहमीचे दोन हात लगेच वर. मी कुणाचंच नाव घेतलं नाही. मग शेवटच्या बाकावरची, वर्षभर तोंड न उघडलेली मुलगी म्हणाली, "चिखलात हवा नसेल, श्वास घ्यायला येत असतील." हे मी फळ्यावर लिहून दिलं असतं तर ती गप्पच राहिली असती.

घोडबंदरचा बाबा

ती पोस्ट माझी. मॅडम, संशोधन तुमच्यापाशी, मार्कशीट आमच्यापाशी. दहावीला विज्ञानाचे ४०-४० गुणांचे दोन पेपर, २० प्रात्यक्षिकाचे. फरक स्पष्ट करा, शास्त्रीय कारणे लिहा, आकृती काढा. मुद्देसूद लिहिलेलं हाताशी नसेल तर पोरगा काय वाचणार? आणि तुमची ती मुलगी बोलली, माझा मुलगा बोलत नाही. उत्तर चुकलं की वर्ग हसतो, म्हणून विज्ञानाच्या तासाच्या आदल्या रात्री त्याच्या पोटात दुखतं. त्याचं काय?

निवृत्त मुख्याध्यापक, नौपाडा

बाई, यात नवीन काय? आम्ही रोज सकाळी पाढे म्हणून घ्यायचो. पावकी, निमकी, अडीचकी. एक मूल उभं, बाकीचे मनात म्हणतायत. तुमच्यासारख्यांनीच घोकंपट्टी म्हणून पाठांतराला हद्दपार केलं आणि आता तेच अमेरिकेच्या नावाने परत आणताय.

कळव्याच्या बाई

सर, पाढ्यांबाबत तुमचं बरोबर, न बघता म्हणणं म्हणजे आठवणंच. पण अर्थ न कळता व्याख्या घोकणं मला आजही मान्य नाही.

बाबा, हसण्याबद्दल तुमची तक्रार शंभर टक्के रास्त आहे. मागच्या धड्यावरचं मी तोंडी आधी विचारत नाही. प्रत्येकाने कागदावर लिहायचं, गुण नाहीत, स्वतःच तपासायचं, मग ज्याला बोलायचंय त्याने बोलायचं. त्या मॅडमना भेटून हे नक्की सांगा.

नेरूळचा क्लासवाला

हे सगळं आम्ही दर रविवारी करतो, सरावचाचणी म्हणतो. शाळेत होत नाही म्हणून मुलं आमच्याकडे येतात.

ऐरोलीची आई

नका सांगू! माझी मुलगी सकाळी सातला निघते, रात्री नऊला येते. शाळा झोपण्यासाठी, क्लास जागण्यासाठी. वर्षाची फी आधी घेतली, दोन महिन्यांत तिला झेपेना तर एक रुपया परत नाही. केंद्राने जानेवारी २०२४मध्ये सूचना काढल्या, सोळा वर्षांखालच्या मुलांना घेऊ नका. पाळतं कोण?

नेरूळचा क्लासवाला

सूचना आहेत, कायदा नाही. आणि मी कुणाची फी अडकवलेली नाही, सगळ्यांना एका माळेत ओवू नका. शाळेत सत्तर मुलं, शिक्षक मतदारयादीच्या कामावर, धडा अर्धवट. पालक हात जोडून येतात तेव्हा त्यांना घालवून देऊ?

ऐरोलीची आई

हात जोडून येतात कारण क्लास लावला नाही तर मूल मागे पडेल अशी भीती तुम्हीच चौकाचौकातल्या फलकांवर लावलीत. ठाण्याच्या राम मारुती रोडवर चालून बघा, टॉपरांच्या फोटोंशिवाय भिंत दिसत नाही. नापास झालेल्याचा फोटो कोण लावतं?

कळव्याच्या बाई

मतदारयादीचं खरं आहे, आणि ते बोललंच पाहिजे. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २७ने शिक्षकांना बाहेरच्या कामांपासून वाचवलं, पण जनगणना, आपत्ती आणि निवडणूक वगळून. सहामाहीच्या तोंडावर तास सोडून दारोदार फिरताना माझा जीव तुटतो. पण म्हणून उरलेल्या तासात फळा उतरवून द्यायचा का? वेळ कमी आहे म्हणूनच तो आठवण्यात घालवायचा.

निवृत्त मुख्याध्यापक, नौपाडा

सत्तर कागद रोज कोण वाचणार, तेवढं सांगा.

कळव्याच्या बाई

कुणीच नाही सर. मूल स्वतः वाचतं. मी फिरताना सात-आठ कागदांवर नजर टाकते. एकच चूक सगळीकडे दिसली की तिथून तास सुरू.

घोडबंदरचा बाबा

कागदाचं पटलं, भेटतो मॅडमना. पण वहीचा आग्रह मी सोडणार नाही. धड्याचं एक पान तरी नीट लिहिलेलं हवं, आणि क्लासही बंद करणार नाही.

कळव्याच्या बाई

पान हवंच. पण ते मुलाने धडा मिटून लिहावं, मग पुस्तक उघडून लाल पेनाने स्वतः दुरुस्त करावं. तशी वही झाली की मला दाखवा, क्लास कुठलाही असो.

ऐरोलीची आई

फीचं उत्तर मात्र अजून कुणी दिलं नाही.